अलाबामा: मतपत्रिकेवरचा पँथर



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेतले यंदाचे शेवटचे पुष्प माझ्या वाट्याला आले आहे. संयोजकांनी विषय दिला होता 'अमेरिकेचा दक्षिण भाग'. एवढा पसारा एका संध्याकाळी मांडायला गेलो तर सनावळीपलीकडे तुमच्या हाती काही लागणार नाही. म्हणून मी एकच राज्य निवडले, अलाबामा. निवडीचे कारण मात्र आपल्या घरचे आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिचे नाव कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले, हे आपल्याला ठाऊक आहे. ऑकलंडच्या तरुणांनी तो पँथर कुठून उचलला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तो त्यांनी अलाबामातल्या लाउंड्स नावाच्या एका खेडवळ काउंटीच्या मतपत्रिकेवरून घेतला. तिथपर्यंत पोचायला आपल्याला थोडा वेळ लागेल.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. या राज्यात माणसांनी जिथे झगडून हक्क मिळवले, तिथे पैसा फारसा पोचला नाही. पैसा जिथे पोचला, तिथे तो बहुतेक वेळा युद्धाच्या निमित्ताने आणि वॉशिंग्टनहून आला. आणि हेच ते राज्य, जिथे वॉशिंग्टनला शिव्याशाप देऊन पुढाऱ्यांच्या पिढ्या निवडून आल्या.

राज्याच्या मध्यातून काळ्या जमिनीचा एक पट्टा जातो. त्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. खाली खडूसारखी चुनखडी, वर चिकट काळी माती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. वऱ्हाडातल्या माणसाला या मातीचे वर्णन ऐकवण्याची गरज नाही, आणि तिथे पीक कोणते असेल हेही सांगायला नको. १८६०च्या शिरगणतीत अलाबामाची लोकसंख्या ९ लाख ६४ हजार होती आणि त्यांतले ४ लाख ३५ हजार गुलाम होते. आफ्रिकेतून गुलाम आणण्याला १८०८पासून बंदी होती. तरी त्याच १८६० साली 'क्लोटिल्डा' नावाच्या जहाजातून सुमारे ११० माणसे मोबील बंदराजवळ चोरून उतरवली गेली, आणि पुरावा राहू नये म्हणून जहाज जाळून बुडवले गेले. त्याच्या सांगाड्याची ओळख पटली ती २०१९मध्ये.

१८६१च्या फेब्रुवारीत फुटीर राज्यांची पहिली राजधानी झाली अलाबामातले माँटगोमेरी. जेफरसन डेव्हिसने तिथेच अध्यक्षपदाची शपथ घेतली. त्यातून पेटलेल्या उत्तर-दक्षिण यादवीचा एक धागा सरळ आपल्या मुंबईपर्यंत येतो. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. प्रेमचंद रायचंद, बॅकबेचे शेअर, रातोरात निघालेल्या कंपन्या ही कथा सर्वांना परिचित आहे. १८६५च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला आणि काही आठवड्यांत मुंबईचा फुगा फुटला. मुंबईत कित्येकांची दिवाळी झाली आणि मग दिवाळे निघाले ते मोबीलसारख्या बंदरांच्या नाकेबंदीवर. मात्र त्या बंदरांमागे जमिनीला बांधलेल्या ४ लाख ३५ हजार माणसांचे काय झाले, हा प्रश्न आपल्या शेअरबाजाराला पडण्याचे कारण नव्हते.

तो प्रश्न जोतीरावांना पडला होता. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. त्यावर कधीकधी असे म्हणतात की महात्मा फुल्यांनी अमेरिकेकडे जरा भोळेपणाने पाहिले. मला ते पटत नाही. १८७० साली अलाबामातून गुलामीत जन्मलेला बेंजामिन टर्नर अमेरिकन काँग्रेसवर निवडून गेला होता, आणि 'गुलामगिरी' छापली गेली त्या वर्षी त्याच राज्याचा जेम्स रॅपिअर हा कृष्णवर्णीय प्रतिनिधी तिथे बसत होता. फुले जे पाहत होते ते खरोखर घडत होते. ते मोडून काढले गेले नंतर, आणि ते काम कायद्याच्या कागदावर पुरे झाले १९०१मध्ये.

१९०१च्या राज्यघटनेवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांची किल्ली तिच्यात आहे. गोऱ्यांचे वर्चस्व कायद्याने प्रस्थापित करायचे, हे घटना परिषदेच्या अध्यक्षाने, जॉन नॉक्सने, आपल्या भाषणात उघड सांगितले होते. साधने मात्र वरवर रंगहीन होती. वाचता-लिहिता येते का, मालमत्ता आहे का, शील चांगले आहे का, आणि दरसाल दीड डॉलर मतपट्टी. ही पट्टी साचत जायची. एकविसाव्या वर्षापासून पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत न भरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागे, म्हणजे जास्तीत जास्त ३६ डॉलर. वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबाच्या हातात वर्षाकाठी तेवढी रोकड दिसतही नसे. परिणाम असा की १ लाख ८० हजारांच्या आसपास असलेले कृष्णवर्णीय मतदार दोन-तीन वर्षांत तीन हजारांच्या खाली आले. गरीब गोऱ्यांचीही मते हजारोंनी गेली, पण त्यांना ते कळायला वेळ लागला. गंमत म्हणा की क्रूर थट्टा, ही घटना मंजूर झाली ती ब्लॅक बेल्टमधल्या मतांवर. जिथे कृष्णवर्णीय बहुसंख्य होते त्याच काउंट्यांतून त्यांचा मताधिकार काढण्याच्या बाजूने प्रचंड मतदान 'झाले'. मोजणारे हात कुणाचे होते, ते सांगायला नको.

या घटनेत आणखी एक खुंटी मारून ठेवली होती. काउंट्यांनी स्वतःचा कारभार स्वतः करायचा नाही. बारीकसारीक गोष्टीसाठीही राज्याच्या विधिमंडळात जायचे, प्रसंगी घटनाच दुरुस्त करून घ्यायची. मालमत्ता कराची कमाल मर्यादाही घटनेतच. त्यामुळे पुढे या दस्तऐवजाला ९००हून जास्त दुरुस्त्या झाल्या आणि जगातल्या सर्वांत लांब राज्यघटनांत तिची गणना झाली. ही खुंटी लक्षात ठेवा.

आता दुसरे महायुद्ध. खरे तर सुरुवात पहिल्या महायुद्धापासून करायला हवी. दारूगोळ्याला नायट्रेट हवे, त्याला वीज हवी, म्हणून उत्तर अलाबामात मसल शोल्सजवळ टेनेसी नदीवर विल्सन धरणाचे काम १९१८मध्ये सुरू झाले. ते पुरे होईतो युद्ध संपले होते. त्या धरणाचे करायचे काय, या वादातून १९३३मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण जन्माला आले. याच प्राधिकरणाचा नमुना समोर ठेवून आपल्याकडे दामोदर खोरे योजना आखली गेली, आणि ती आकाराला येत असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात तो विषय ज्यांच्याकडे होता ते मजूरमंत्री म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 

१९४१नंतर केंद्र सरकारचा पैसा अलाबामात पुरासारखा आला. मोबीलच्या जहाजबांधणी धक्क्यांवर खेड्यापाड्यांतून माणसे लोटली. गावात राहायला जागा उरली नाही. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वंशावरून भेद करू नका, असा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम होता. त्यानुसार १९४३च्या मेमध्ये मोबीलच्या एका मोठ्या गोदीत बारा कृष्णवर्णीय कामगारांना वेल्डर म्हणून बढती मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोऱ्या कामगारांनी पाइप, सळया, हातोडे घेऊन दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारहाण केली. लष्कर आणावे लागले. तोडगा काय निघाला? कृष्णवर्णीयांसाठी चार वेगळे बांधणीतळ. तिथे त्यांनी वेल्डिंगसकट सगळी कामे करावीत, फक्त मुकादम गोराच असेल. हिटलरविरुद्धची जहाजे अशी बांधली जात होती.

टस्कीगीतली कथा जास्त ऐकलेली आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१मध्ये उभारलेल्या संस्थेच्या आधाराने तिथे लष्कराचे कृष्णवर्णीय वैमानिक तयार झाले आणि ते उत्तर आफ्रिका, इटलीवरून लढले. टस्कीगी ज्या मेकन काउंटीत आहे तिथेच, त्याच काळात, सरकारी आरोग्य सेवा उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसते 'पाहत' होती. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षे. पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागल्यावरही. एकाच गावात एकच सरकार एका तरुणाला विमान देत होते आणि त्याच्या काकाला औषध नाकारत होते.

माँटगोमेरीजवळ मॅक्सवेल हा हवाई तळ होता. केंद्र सरकारची जागा, त्यामुळे आतल्या गाड्यांत काळे-गोरे भेद नव्हता. १९४०च्या दशकात तिथे रोझा पार्क्स नावाची तरुणी काही काळ नोकरी करत होती. तळावरच्या गाडीत ती गोऱ्यांशेजारी बसे, फाटकाबाहेर येऊन शहराच्या बसमध्ये चढली की मागे जाई. हे तिने पुढे स्वतः सांगितले आहे. १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी शहराच्या बसमध्ये 'थकलेली शिवणकाम करणारी बाई' गोऱ्या प्रवाशासाठी उठली नाही, ही शाळेतल्या पुस्तकातली गोष्ट मला अपुरी वाटते ती यासाठी. ती बारा वर्षे नागरी हक्कांच्या एका संघटनेची कार्यकर्ती होती आणि भेद नसलेली गाडी कशी चालते हे तिने पाहिले होते.

तिच्या अटकेनंतर सुरू झालेल्या बसबहिष्काराचे वर्णन करताना आपण लगेच डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे वळतो. त्या रात्री पत्रके कुणी छापली? अलाबामा स्टेट कॉलेजमधल्या प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी, कॉलेजच्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर, पहाटेपर्यंत बसून हजारो. त्यांच्या महिला राजकीय परिषदेचा बहिष्काराचा बेत आधीपासून शिजत होता. अटक झालेल्या पार्क्सना सोडवायला गेले ते ई. डी. निक्सन, रेल्वेच्या शयनयान सेवकांच्या युनियनचे पुढारी. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकीण तळलेले मासे, कोंबडी, केक विकून पेट्रोलला पैसे जमवी. पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर 'कुठूनही नाही' असे उत्तर देता यावे, म्हणून त्या गटाचे नावच 'कुठूनही नसलेला क्लब'. सुमारे ३०० खासगी गाड्या लोकांना कामावर नेत-आणत. स्थानिक विमा कंपन्यांनी गाड्यांचा विमा काढून घेतला तेव्हा लंडनच्या लॉइड्सचा विमा घेतला गेला. ३८१ दिवस हे चालले. पहिली मागणी तर अगदी साधी होती: भेद राहू द्या, पण बसलेल्याला उठवू नका. तीही नाकारली गेली, म्हणून खटला गेला मुळावर, आणि सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदच घटनाबाह्य ठरवला.

बर्मिंगहॅमबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण १९६३मधले पाण्याचे फवारे आणि कुत्रे यांची चित्रे सर्वांनी पाहिली आहेत. कोळसा, लोहखनिज आणि चुनखडी एकाच खोऱ्यात सापडल्याने १८७१मध्ये वसलेले हे पोलादाचे शहर. कैद्यांना भाड्याने खाणीत राबवायची पद्धत अमेरिकेत सर्वांत शेवटी बंद केली ती अलाबामाने, १९२८मध्ये, आणि ती टिकवण्यात इथल्या खाणींचा मोठा हात होता. इथले पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांच्या घरावर १९५६च्या नाताळात बॉम्ब पडला, तरी ते दुसऱ्या दिवशी बसमधला भेद मोडायला गेले. मला इथे नोंदवायचा आहे तो एक आकडा. १९५०मध्ये बर्मिंगहॅम ३ लाख २६ हजारांचे होते आणि शेजारच्या राज्यातले अटलांटा ३ लाख ३१ हजारांचे. जवळजवळ जुळी शहरे. एकाने पोलिसी कुत्रे सोडले, दुसऱ्याने निदान बाहेर तरी बोलताना सांभाळून घेतले आणि विमानतळ वाढवला. नंतरची वाढ कुठे झाली हे नकाशात दिसते. बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांना हे १९६२-६३मध्येच कळू लागले होते. सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर याला हटवण्यासाठी शहराच्या कारभाराची रचना बदलण्यात त्यांतल्याच काहींचा पुढाकार होता. पण त्यांचे शहाणपण हिशेबाच्या वहीतून आले होते, आणि १५ सप्टेंबर १९६३ला सोळाव्या रस्त्यावरच्या चर्चमध्ये चार मुली बॉम्बने मारल्या जाण्याआधी ते पुरेसे पोचले नाही.

आता ब्लॅक बेल्ट. सेल्मा हे डॅलस काउंटीचे ठाणे. तिथे मतदारयादीत नाव घालायची कचेरी महिन्यातून दोन सोमवार उघडे. सुमारे १५ हजार पात्र कृष्णवर्णीयांपैकी ३०० च्या आसपास नोंदले गेले होते. अमेलिया बॉइन्टन आणि त्यांचे सहकारी तिथे किंग येण्याच्या कितीतरी आधीपासून अर्ज भरायला शिकवत होते. ७ मार्च १९६५ला एडमंड पेटस पुलावर मोर्चेकऱ्यांना घोडेस्वार आणि अश्रुधुराने पिटाळले गेले. २१ ते २५ मार्चला ५४ मैल चालून मोर्चा माँटगोमेरीला पोचला. ६ ऑगस्टला मतदान हक्क कायदा झाला.

पण मोर्चा ज्या रस्त्याने गेला, त्या हायवे ८०चा मधला टप्पा लाउंड्स काउंटीतून जातो. तिथे रस्ता दोनच पदरी होता, म्हणून कोर्टाच्या हुकुमाने त्या टप्प्यात फक्त ३०० जणांनी चालायचे होते. काउंटीची लोकसंख्या ८० टक्के कृष्णवर्णीय, आणि मार्च १९६५ उजाडला तेव्हा त्यांतला एकही मतदार नाही. गोऱ्यांची नोंदणी मात्र १०० टक्क्यांहून जास्त. म्हणजे मेलेले आणि गाव सोडून गेलेलेही यादीत हयात. मोर्चा संपला त्याच रात्री डेट्रॉइटहून आलेल्या व्हायोला लिउझो यांना याच काउंटीत गोळी घातली गेली.

मोर्चा पुढे गेला, कॅमेरे गेले. स्टोकली कारमायकेल आणि त्यांचे विद्यार्थी संघटनेतले सोबती मागे राहिले. जॉन ह्युलेट आणि इतर स्थानिकांबरोबर त्यांनी कायद्याची पुस्तके चाळली, तेव्हा एक जुने कलम सापडले: काउंटीपुरता स्वतंत्र पक्ष काढता येतो. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला चिन्ह लागे. राज्यातल्या डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह होते कोंबडा, आणि त्याच्याभोवती गोऱ्यांच्या वर्चस्वाचे ब्रीद लिहिलेले असे. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा मत मिळाले त्यांनी त्या कोंबड्यावर फुली मारायची का? त्यांनी काळा पँथर घेतला. चिन्हावर निवडणुका जिंकणाऱ्या-हरणाऱ्या आपल्या देशाला यातली ताकद समजावून द्यायला नको.

दुसरी गोष्ट मला चिन्हाइतकीच मोठी वाटते. त्यांनी चित्रपुस्तिका काढल्या: शेरिफ काय करतो, कर आकारणारा अधिकारी काय करतो, अपमृत्यूची चौकशी कोण करतो. ज्या कचेऱ्यांत लोक आजवर फक्त टोपी काढून उभे राहिले होते, त्या कचेऱ्या चालवायच्या कशा, हे ते चर्चमध्ये बसून शिकले. नाव नोंदवले म्हणून जमीनदारांनी वाटेकऱ्यांना घराबाहेर काढले. ती कुटुंबे हायवेच्या कडेला तंबूत राहिली, आणि रात्री तंबूंवर गोळ्या झाडल्या गेल्या. नोव्हेंबर १९६६मध्ये पँथरचे सगळे उमेदवार पडले. १९७०मध्ये जॉन ह्युलेट शेरिफ झाले. तोवर पँथर ऑकलंडला गेला होता, काळे जाकीट आणि बंदूक त्याला चिकटली होती, आणि आपल्याकडे आला तो त्या रूपात. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार यांच्या पिढीने तो पेलला तो आपल्या अर्थाने. पण मूळचा पँथर होता एका निवडणूक चिन्हाचा, शेतकऱ्यांचा.

राज्याची आर्थिक भरभराट याच काळात दुसरीकडे सुरू झाली होती. हंट्सव्हिल हे उत्तरेकडचे कापसाचे गाव. १९४१मध्ये तिथे रासायनिक अस्त्रांचा कारखाना आला. १९५०मध्ये वेर्नहर फॉन ब्राउन आणि शंभरावर जर्मन रॉकेटतज्ज्ञ आले. हिटलरसाठी व्ही-२ बनवणारे, ज्यांच्या कारखान्यात छळछावणीतले कैदी मेले, ते लोक. १९६०मध्ये नासाचे मार्शल केंद्र झाले आणि चंद्रावर नेणारे सॅटर्न रॉकेट इथे आखले गेले. १९५०मध्ये १६ हजारांचे गाव १९६०मध्ये ७२ हजारांचे झाले, आणि २०२०च्या जनगणनेत २ लाख १५ हजारांवर जाऊन बर्मिंगहॅमला मागे टाकून राज्यातले सर्वांत मोठे शहर ठरले. केंद्र सरकारच्या पैशावर उभ्या गावाला भेदाची किंमत लवकर कळली: १९६२मध्ये तिथल्या उपाहारगृहांतला भेद गेला. १९६३च्या जूनमध्ये गव्हर्नर वॉलेस अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभे राहून कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवत होते, तेव्हा राज्याचे सर्वांत मोठे भाग्य केंद्राच्या तिजोरीतून येत होते. वॉलेस यांनी नंतर माफी मागितली आणि १९८२मध्ये कृष्णवर्णीयांच्या मतांनीही निवडून आले. मला त्या माफीत खरेपणाही दिसतो आणि गणितही.

१९९३मध्ये मर्सिडीजने टस्कलूसाजवळ कारखाना काढायचे ठरवले. राज्याने त्यासाठी सुमारे २५ कोटी ३० लाख डॉलरच्या सवलती दिल्या. त्या वेळी देशभर टिंगल झाली. मागोमाग होंडा, ह्युंदाई, टोयोटा आले. टीका करणारे गप्प झाले. मोबीलच्या युद्धकालीन ब्रूकली तळाच्या जागेवर २०१५पासून एअरबसची विमाने जोडली जातात. यातून कृष्णवर्णीय कुटुंबांनाही चांगल्या नोकऱ्या मिळाल्या, हे मान्य केले पाहिजे. पण कारखाने आले ते महामार्गालगत, तयार शहरांच्या कडेला. सेल्माचा क्रेग हवाई तळ १९७७मध्ये बंद झाला. १९६०मध्ये २८ हजार असलेली सेल्माची वस्ती २०२०मध्ये १८ हजारांवर आली.

आणि ती खुंटी. शेरिफ निवडून आला, कर मात्र हातात आला नाही. मालमत्ता करावरची मर्यादा १९०१ची होतीच; १९७०च्या दशकात शेतजमीन आणि वनजमिनीच्या बाजूने ती आणखी आवळली गेली. ब्लॅक बेल्टमध्ये आज कापसाच्या जागी मोठमोठ्या मालकांची पाइनची लागवड आहे, तिच्यावर कर नाममात्र, आणि काउंटीच्या शाळांची तिजोरी त्याच करावर. घटनेतली वंशभेदाची भाषा मतदारांनी २०२२मध्ये पुसून टाकली. कराची चौकट राहिली.

लाउंड्समध्ये अनेक घरांना गटार नाही. चिकट काळी माती पाणी शोषत नाही, म्हणून साधी शोषटाकी चालत नाही. चालणारी यंत्रणा हजारो डॉलरची. मैला घरामागच्या उघड्यावर साचतो. २०१७मधल्या एका पाहणीत तपासलेल्या माणसांपैकी तिघांत एकाला अंकुशकृमीची लागण आढळली, जो रोग अमेरिकेतून गेला असे धरले जात होते. याच काउंटीत वाढलेल्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न देशापुढे आणला. वर्षानुवर्षे उपाय काय, तर योग्य टाकी नाही म्हणून गरिबांवर फौजदारी कारवाईचा धाक. मे २०२३मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने नागरी हक्क कायद्याखाली राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला: कारवाया थांबवा, टाक्यांची व्यवस्था लावा. एप्रिल २०२५मध्ये केंद्रात तेव्हा नव्याने आलेल्या प्रशासनाने तो रद्द केला. विविधता आणि समावेशाच्या धोरणांतून आलेली कामे बंद करायची, हे त्याचे कारण सांगण्यात आले. राज्याच्या आरोग्य खात्याने कळवले की मंजूर निधी संपेपर्यंत काम चालू राहील. सांडपाण्याच्या यंत्रणा बसवणे ही मात्र राज्याच्या कायद्याने आपली जबाबदारी नाही, असेही त्या खात्याने म्हटले.